एका गुणाचा हिशेब

२०२५ चा जानेवारी महिना आम्ही उभयतांनी लेकीकडे काढला. लेक-जावई अमेरिकेत बफलोजवळ राहतात. नायगाऱ्याचा धबधबा तिथून अर्ध्या तासावर, त्यामुळे यात्रा कंपन्यांच्या कृपेने गावाचे नाव बऱ्याच जणांनी ऐकले असेल. पण थंडीत तिथे बघण्यासारखा म्हणजे बर्फ, आणि तो खिडकीतूनही दिसतो. म्हणून २६ तारखेला, म्हणजे आपल्या प्रजासत्ताक दिनी, "आजोबा, आज मॅच बघायचीच" असे नातवाने फर्मान काढल्यावर मी निमूट सोफ्यावर जाऊन बसलो.

मॅच अमेरिकन फुटबॉलची. नावात 'फूट' असला तरी यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. बफलोचा संघ 'बिल्स', समोर कॅन्सस सिटीचा 'चीफ्स'. जिंकणारा अंतिम सामन्याला, म्हणजे 'सुपर बोल'ला जाणार. बिल्स हरले. २९ विरुद्ध ३२, फक्त तीन गुणांनी.

खरी मॅच त्यानंतर आमच्या घरात सुरू झाली. या खेळात प्रत्येक डावाची सुरुवात ज्याच्या हातून होते, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू कोणाला फेकायचा, कोणाच्या हातात द्यायचा, की स्वतःच घेऊन घुसायचे, हे दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवायचे. बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश अॅलन. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असा या खेळाचा नियम आहे. शेवटच्या सत्राच्या सुरुवातीला, संघ एका गुणाने पुढे असताना, चौथ्या प्रयत्नात एकच यार्ड हवे होते. अॅलन स्वतः घुसला आणि पंचांनी ते यार्ड पुरे झाले नाही असे ठरवले. अगदी शेवटी पुन्हा चौथा प्रयत्न, या वेळी पाच यार्ड हवे. अंगावर माणसे धावून आली, त्याने मागे सरत चेंडू लांब फेकला, तो साथीदाराच्या हाती राहिला नाही. संपले.

जावईबापू म्हणाले, मोठ्या सामन्यात हा नेहमी कमी पडतो. नातू म्हणाला, चेंडू हाताला लागूनही ज्याने पकडला नाही त्याला बोला. लेक म्हणाली, पंच. गंमत म्हणजे दोनच आठवड्यांत अॅलनला त्या मोसमातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवले गेले, पण त्या रात्री आमच्या सोफ्यावर तसे कोणाचेही मत नव्हते.

शेजारचे एक आजोबाही मॅचला आले होते. माझ्याच वयाचे, ऐन पस्तिशीत पोलाद कारखान्यातली नोकरी गेलेले. ते इतका वेळ गप्प होते. जाताना टोपी कानावर ओढत म्हणाले, "तुम्ही १९९१ पाहिले नाहीत." आणि गेले. मी जन्मभर मुलांना इतिहास शिकवला. कोणी नुसते साल सांगून निघून गेले की मला झोप येत नाही. पुढचे पंधरा दिवस त्यांच्या बैठकीत कॉफी पीत, नातवाला दुभाषा करून आणि त्याच्याच संगणकावर जुने सामने पाहून मी ते साल समजून घेतले. ते आज तुम्हाला सांगतो.

आधी गावाविषयी. १८२५ साली ईरी कालवा खुला झाला आणि त्याच्या टोकाला असलेले बफलो धान्याच्या आणि पुढे पोलादाच्या जोरावर मोठे झाले. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स नदीतून मोठ्या जहाजांचा मार्ग तयार झाला आणि मालाला बफलोला थांबायचे कारण उरले नाही. १९५० साली शहराची वस्ती सुमारे ५ लाख ८० हजार होती, १९९० साली ती ३ लाख २८ हजारांवर आली. शेजारच्या लॅकवाना गावातल्या बेथलेहेम स्टीलच्या प्रचंड कारखान्याचे बहुतेक काम १९८३ मध्ये बंद पडले. आमच्या आजोबांची नोकरी तीच.

त्याच १९८३ साली बिल्सने जिम केली नावाच्या तरुण क्वार्टरबॅकला निवडले. (मराठी वाक्यात हे आडनाव फार घोटाळे करते, म्हणून मी आपले जिमच म्हणतो.) जिमने बफलोला यायचे नाकारले आणि दुसऱ्या एका लीगमध्ये ह्यूस्टनला गेला. कारखाना गेला, आणि ज्याची वाट पाहिली तोही आला नाही. ती लीग बुडाली तेव्हा, १९८६ मध्ये, तो आला. गावाने राग धरला नाही. आजोबा म्हणाले, "तेव्हा आमच्याकडे येत होतेच कोण?"

जिम काही संत नव्हता. १९८९ साली एका सामन्यात त्याच्या खांद्याला दुखापत झाली, तेव्हा आपल्याला वाचवायला जो गडी नेमला होता त्याचे नाव घेऊन त्याने वार्ताहरांसमोर त्याला दोष दिला. संघात भांडणे लागली. वर्तमानपत्रांनी 'भांडखोर बिल्स' असे नाव पाडले. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्रशिक्षक होते मार्व्ह लेव्ही. हार्वर्डमधून इंग्लंडच्या इतिहासात एम. ए. झालेला माणूस! इतिहास शिकून पुढे काय करणार, असे विचारणाऱ्या पालकांना सांगायला हे उदाहरण मला चाळीस वर्षे आधी मिळायला हवे होते. लेव्हींनी जिमला एक मोकळीक दिली. दोन डावांच्या मध्ये संघ गोल करून मसलत करतो, ती मसलतच बंद. पुढचा डाव जिमने जागेवर उभा राहून सांगायचा. समोरच्यांना श्वास घ्यायला वेळ नाही. या पद्धतीला 'के-गन' म्हणत. तो 'के' केलीचा असे सगळे समजतात, पण नाव पडले होते कीथ मॅकेलर या दुसऱ्याच गड्यावरून. श्रेय असो की दोष, आपोआप क्वार्टरबॅककडे वाहत जातो तो असा.

२० जानेवारी १९९१ ला बिल्सने उपांत्य सामन्यात रेडर्सना ५१-३ असे धुतले. आठवड्याने, २७ जानेवारीला, फ्लॉरिडातल्या टँपा गावी सुपर बोल. समोर न्यूयॉर्क जायंट्स. दहाच दिवसांपूर्वी आखाती युद्ध सुरू झालेले, म्हणून मैदानावर कडक पहारा आणि हजारो हातांत झेंडे. जायंट्सचा नेहमीचा क्वार्टरबॅक फिल सिम्स जायबंदी होता आणि त्याच्या जागी बदली गडी जेफ हॉस्टेटलर खेळत होता. बफलोत लोकांनी विजय गृहीत धरला होता.

जायंट्सच्या बचावाची आखणी बिल बेलिचिक यांनी केली होती. पुढे ते फार नावाजले, आणि त्या दिवसाची त्यांची आखणी आज कँटनच्या फुटबॉल संग्रहालयात ठेवलेली आहे. त्यांचा विचार उलटा होता. बिल्सचा धावपटू थर्मन थॉमस याला धावू द्या, शंभर यार्ड काढले तरी चालेल, पण जिमचे लांबचे फेक अडवा आणि चेंडू पकडणाऱ्याला असा ठोका की पुढच्या वेळी त्याने आधी आजूबाजूला पाहिले पाहिजे. दुसरा भाग घड्याळाचा. चेंडू आपल्याकडे ठेवून सावकाश पुढे सरकायचे, म्हणजे जिमला मैदानात यायलाच मिळणार नाही.

तसेच झाले. साठ मिनिटांपैकी चेंडू जायंट्सकडे ४० मिनिटे ३३ सेकंद होता. तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला त्यांनी एकच चढाई तब्बल साडेनऊ मिनिटे चालवली. तरीही चौथे सत्र सुरू होताच थॉमस ३१ यार्ड धावत गेला आणि बिल्स १९-१७ असे पुढे आले. मग जायंट्सचे तीन गुण, २०-१९. सव्वादोन मिनिटे उरली आणि चेंडू आपल्याच दहा यार्डांवर, अशा अवस्थेत जिमने सुरुवात केली. कधी स्वतः धावला, कधी थॉमसला दिला, आणि आठ सेकंद उरले असताना संघाला समोरच्या २९ यार्डांच्या रेषेपर्यंत आणले.

आता राहिली ती शेवटची लाथ. ४७ यार्डांवरून चेंडू दोन खांबांच्या मधून गेला की तीन गुण आणि अजिंक्यपद. लाथ मारणारा स्कॉट नॉरवूड. बिल्सचे घरचे मैदान कृत्रिम गवताचे, टँपाचे खरे गवत, आणि ४७ यार्ड म्हणजे काही हातचा मळ नव्हे. चेंडूला उंची मिळाली, अंतरही मिळाले, पण तो उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. 'वाइड राइट' हे दोन शब्द त्या शहरात आजही पुरे वाक्य आहेत.

दोष कोणाचा? आजोबांनी बोटांवर मोजून दाखवले.

नॉरवूडचा, हे तर उघडच. पण थॉमसने फक्त १५ वेळा धावून १३५ यार्ड काढले होते, म्हणजे दर वेळी नऊ. जिमने चेंडू फेकला ३० वेळा. डाव तोच सांगत होता, मग समोरचा दार उघडे ठेवून उभा असताना हा खिडकीतून का शिरत होता? यावर जिमचा पक्ष घेणारे म्हणतात, साडेएकोणीस मिनिटांत माणूस किती करणार? आणि त्याचा एकही चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडला नाही. मग बचावाचा दोष. त्या साडेनऊ मिनिटांच्या चढाईत जायंट्सना एकदा तिसऱ्या प्रयत्नात १३ यार्ड हवे होते. मार्क इंग्रम या गड्याला बिल्सच्या पाच जणांनी धरायचा प्रयत्न केला, पाचही जणांच्या हातून तो निसटला आणि १४ यार्ड गेला. आणि ब्रूस स्मिथ? दुसऱ्या सत्रात त्याने हॉस्टेटलरला त्याच्याच गोलरेषेमागे पाडून दोन गुण मिळवले, त्याची वाहवा झाली. पण मनगट धरले तेव्हा चेंडू त्या हातात होता. तो सुटून बिल्सच्या कोणाच्या अंगाखाली सापडला असता तर दोनाऐवजी सहा-सात गुण मिळाले असते आणि शेवटच्या लाथेची गरजच पडली नसती.

मी वर्गात पानिपत शिकवताना असाच फळा भरायचो. भाऊसाहेबांची जिद्द, होळकरांचे निघून जाणे, बरोबरचे यात्रेकरू, रसद, उपासमार. मुले विचारायची, "सर, पण खरं कारण कोणतं?" मी म्हणायचो, सगळी. मुलांना ते पटत नसे. त्यांना एक नाव हवे असे, वहीत लिहायला सोपे पडते. एका गुणाने हरलेल्या सामन्यात तर यातले प्रत्येक कारण एकटेच पुरेसे असते. कोणतेही एक काढा, सामना जिंकला. म्हणून बोट कोणाकडे दाखवायचे हे सामना ठरवत नाही, ते आपण ठरवतो.

बफलोने काय ठरवले ते ऐका. सामना संपल्यावर नॉरवूड पळाला नाही, वार्ताहरांच्या प्रश्नांना बराच वेळ उभा राहून उत्तरे देत राहिला. सोबती येऊन पाठीवर हात ठेवून जात होते. दोन वर्षांपूर्वीचे हेच ते भांडखोर बिल्स. दुसऱ्या दिवशी संघ परतला. शहराच्या नायगारा चौकात, नगरपालिकेसमोर, थंडीत हजारो माणसे जमली होती. नॉरवूड मागे, सगळ्यांच्या आड उभा होता. गर्दीतून आवाज उठला, "आम्हाला स्कॉट हवा!" थांबेनाच. शेवटी त्याला पुढे आणले. त्याचे डोळे भरून आले, चार वाक्येही धड बोलता येईनात. त्या गर्दीत आमचे आजोबा होते. मी विचारले, "तुम्ही का ओरडलात?" ते म्हणाले, "कारखाना बंद झाला तेव्हा लोक म्हणाले, कामगारांमुळे बंद पडला. मी तिथे पंधरा वर्षे काम केले होते."

नातवाने हे भाषांतर करून सांगितले आणि मग तोही गप्प बसला.

पुढचे थोडक्यात. वर्षभराने, जानेवारी १९९२ मध्ये, बिल्सने डेन्व्हरला १०-७ असे हरवून पुन्हा अंतिम फेरी गाठली. त्यातले तीन गुण नॉरवूडच्या ४४ यार्डांच्या लाथेचे. ते कोणी सांगत नाही. संघ सलग चार सुपर बोल खेळला आणि चारही हरला. त्यातल्या दुसऱ्यात जिमने चार चेंडू शत्रूच्या हाती दिले, तेव्हा दोष त्याचाच, वाद नाही. तरी २००२ साली तो फुटबॉलच्या गौरवगृहात गेला, निवृत्तीनंतरही बफलोतच राहिला. ज्या गावाला त्याने आधी नाही म्हटले होते, ते २०१३ साली त्याला कर्करोग झाल्यावर त्याच्यासाठी प्रार्थना करत होते.

आता हे सगळे मी का लिहितो आहे, तर माझ्या गळ्यात एक काटा अडकला आहे. १९८७ साली आमच्या शाळेचा कबड्डी संघ तालुक्याच्या अंतिम सामन्यात एका गुणाने हरला. बरोबरी असताना आमचा एक मुलगा शेवटच्या चढाईत पकडला गेला. सोमवारी प्रार्थनेनंतर, सगळ्या शाळेसमोर, "एकाच्या आततायीपणामुळे ढाल गेली," असे मी बोललो. नाव घेतले नाही, पण घ्यायची गरजही नव्हती. पूर्वार्धात आमच्यावर लोण चढला होता ते बोललो नाही. कोणी चढाईला जायचे ते बाजूला उभा राहून मीच ओरडून सांगत होतो, हे तर नाहीच नाही. तो मुलगा पुन्हा मैदानात आला नाही. त्या वेळी मला वाटले, रागावला असेल, येईल.

परत आल्यावर माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून त्याचा नंबर मिळवला. आठ दिवस नुसता जवळ ठेवला. मग एका संध्याकाळी लावला. नाव सांगितले तेव्हा पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पन्नाशी उलटलेला माणूस बहुधा उठून उभा राहिला असावा. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर मी कबड्डीचा विषय काढला.

तो लगेच म्हणाला, "सर, मध्यरेषेला माझी बोटं लागली होती. पंचांनी बघितलं नाही."

अडतीस वर्षे झाली होती.

मी म्हटले, "लागली असतील रे. आणि तुला चढाईला मीच पाठवलं होतं. तू मानेनं नको म्हणाला होतास."

बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग म्हणाला, "सर, ते मी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं."