हसावे, पण कुणाला?

उर्दूत विनोदी लेखनासाठी दोन शब्द जोडीने येतात : तंज आणि मिजाह. तंज म्हणजे बोचरा टोमणा, मिजाह म्हणजे निखळ हसू. आम्ही उर्दू शाळेतले मास्तर हे दोन्ही शब्द एका दमात शिकवतो आणि परीक्षेत त्यांतला फरक विचारतो. मुले बरोबर उत्तर लिहितात आणि गुण घेऊन मोकळी होतात. खरा प्रश्न मात्र कुठल्याच पेपरात येत नाही. तो असा की, हसायचे ते कुणाला?

आमच्या नागपुरात या प्रश्नाचे एक उत्तर दरवर्षी रस्त्यावरून फिरते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. एकोणिसाव्या शतकापासूनची ही परंपरा. मारबतीबरोबर बडगे निघतात. कधी महागाईचा बडग्या, कधी लाचखोराचा, कधी एखाद्या पुढाऱ्याचा. लोक मनसोक्त हसतात, शेवटी पुतळे जाळतात आणि हलक्या मनाने घरी जातात. बडग्याचा एकच गुण आम्हाला खटकतो. तो नेहमी दुसऱ्याचा असतो. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या हजारो माणसांपैकी एकालाही त्यात आपला चेहरा दिसत नाही.

याच नागपुरात २९ जून १८७१ रोजी श्रीपाद कृष्ण कोल्हटकर जन्मले. पेशाने वकील, आयुष्य बहुतेक वऱ्हाडात गेले. पण माणूस भारी चौकस. नाटके लिहिली, समीक्षा लिहिली, महाराष्ट्रगीत लिहिले आणि एवढ्याने भागले नाही म्हणून १९१३ साली ‘भारतीय ज्योतिर्गणित’ हा ग्रंथही लिहिला. १८९६ साली रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या ‘वीरतनय’ नाटकात पारशी रंगभूमीच्या धर्तीच्या चाली होत्या. त्या रंगभूमीवर तेव्हा उर्दू आणि गुजराती नाटके होत. म्हणजे मराठी संगीत नाटकाच्या गळ्यात थोडी उर्दूही उतरली आहे, हे आम्ही आमच्या मराठीच्या सहकाऱ्यांना अधूनमधून ऐकवत असतो.

१९०२ च्या सुमारास ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून त्यांचे विनोदी लेख येऊ लागले. १९१० मध्ये अठरा लेखांचे पुस्तक निघाले, ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ या नावाने. पुढे लेख बत्तीस झाले आणि १९२३ मध्ये ‘सुदाम्याचे पोहे’ अर्थात ‘साहित्यबत्तिशी’ आली. बत्तिशी दाखवल्याशिवाय हसता येत नाही, हे नावातच सांगून टाकले.

या लेखांतली युक्ती वाचकहो नीट पाहा. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तिघे रूढींचे शत्रू नाहीत, भक्त आहेत. ते सण-समारंभ, कर्मकांड, अंधश्रद्धा यांची मनापासून बाजू घेतात. इतकी घेतात की बाजूच कोसळते. लेखक बाहेर उभा राहून बोट दाखवत नाही, तो त्या तिघांच्या पंगतीत बसून जेवतो. कोल्हटकरांनी हसण्यासाठी दुसऱ्या गल्लीतली माणसे आणली नाहीत. स्वतःचे घर, स्वतःची जात, स्वतःचे सुशिक्षित मित्र, एवढ्यावर भागवले. लेखकांचे घरही सोडले नाही. त्यांच्या एका लेखाचे नाव ‘चोरांचे संमेलन’ आहे. आणि १९२७ साली पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनाच मिळाले! ज्या समाजाला हसवले त्यानेच खुर्ची दिली, यात त्या समाजाचाही मोठेपणा आहे.

आता आमच्या उर्दूकडे वळू. इथे विनोदाचे दुकान कोल्हटकरांच्या लेखांच्या पंचवीस वर्षे आधी थाटले गेले होते. लंडनचे ‘पंच’ १८४१ चे. त्याच्यावरून नाव घेऊन १८७७ मध्ये लखनऊला मुन्शी सज्जाद हुसेन यांनी ‘अवध पंच’ काढले. भाषा चटकदार, लेखक एकाहून एक. अकबर इलाहाबादींसारखा शायर त्यात लिहीत होता. पण नेम कुणावर होता? इंग्रज राजवटीवर होता, तसाच सर सय्यद अहमद खानांवर. ज्या माणसाने अलीगढला कॉलेज काढले, त्याचे इंग्रजी शिक्षण, त्याचे नवे विचार, त्याची राहणी हा ‘पंच’चा रोजचा खुराक होता. गंमत म्हणजे अकबर स्वतः इंग्रजांच्या न्यायखात्यात न्यायाधीश होते, खानबहादूर होते, आणि मुलाला शिकायला त्यांनी विलायतेलाच पाठवले. घरात एक आणि शेरात एक. माणसाचा स्वभाव हा असा, आणि अकबरांच्या शेरांची गोडी त्यामुळे कमी होत नाही.

म्हणजे हत्यार एकच, पण मराठीत त्याचे टोक बंडूनानाकडे होते आणि उर्दूत बरेचदा सर सय्यदकडे. एकीकडे जुन्याला हसले, दुसरीकडे नव्याला. असे का व्हावे? आम्हाला वाटते, याचे उत्तर १८५७ मध्ये आहे. लखनऊ आणि दिल्लीच्या ज्या समाजाने सत्ता, शहर आणि शान एका फटक्यात गमावली, त्याला उरलेसुरले जुने जपावेसे वाटले. जळालेल्या घरातल्या माणसाला भिंतीचे पोपडे दाखवून हसता येत नाही. कोल्हटकरांच्या घराला छप्पर होते, म्हणून त्यांना कौले मोजता आली.

ही गोष्ट आजही आमच्याशी निगडित आहे. आमच्यातला कुणी आपल्याच लोकांवर विनोद लिहू लागला, की वडीलधारे म्हणतात, “बेटा, आपल्याला हसणारे बाहेर कमी आहेत का? त्यात तुझी भर कशाला?” ही भीती खोटी नाही. घरात केलेली थट्टा बाहेरचा उचलतो आणि पुरावा म्हणून नाचवतो, हे आपण पाहिले आहे. पण या भीतीपोटी आपण सगळेच हसणे बडग्यांच्या मिरवणुकीला देऊन टाकले, तर हुंड्याची यादी करणारा आमचा हाजी, तीन तास भाषण करून वेळेचे महत्त्व सांगणारा आमचा मुकर्रिर, आणि स्वतःची मुले इंग्रजी शाळेत घालून उर्दूच्या नावाने रडणारे आम्ही मास्तर, या सगळ्यांना आरसा कोण दाखवणार? बाहेरचा दाखवेल तो आरसा नसेल, बडग्या असेल.

याचे उत्तर देणारी लेखणीही नागपूरचीच निघाली. शफीका फरहत १९३१ साली नागपुरात जन्मल्या, पुढे भोपाळला प्राध्यापक झाल्या आणि २००८ मध्ये वारल्या. उर्दूत विनोद लिहिणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांचे नाव घेतले जाते. ‘लो आज हम भी’, ‘राँग नंबर’, ‘गोलमाल’ ही त्यांच्या पुस्तकांची नावे. मुलीच्या जातीने मोठ्याने हसू नये, असे ज्या घरांत उठता-बसता सांगितले जाते, त्या समाजातली एक बाई हसली आणि ते हसू छापूनही आले. त्यांच्या हसण्याने कुणाचा दीन बुडाला नाही की उर्दूची इज्जत गेली नाही. उलट उर्दूच्या बैठकीत एक खुर्ची वाढली.

कोल्हटकर आणि शफीका फरहत यांचा धर्म, भाषा, काळ सगळे वेगळे. पण दोघांचे गाव एक, आणि दोघांनीही हसण्यासाठी शेजाऱ्याचे दार ठोठावले नाही. तंज आणि मिजाह यांतला फरक आता आम्ही मुलांना असा सांगतो : दुसऱ्याला हसलात तर तो बहुधा तंज होतो. त्या हसण्यात स्वतःला धरलेत, की मिजाह सुरू होतो. परीक्षेत याला गुण मिळतील की नाही, ते तपासणाऱ्यावर अवलंबून आहे.