कांशातला बुद्ध कुणी ओतला?

दोस्तहो, ब्रह्मदेशातली बुद्धमूर्ती बघितली की आपल्यातलाच कुणीतरी म्हणतो, "ह्यो आपला बुद्ध वाटत न्हाई." मग आपला कुठला? २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बसवलेली मूर्ती रंगूनहूनच आलेली. तेव्हा त्या चेहऱ्यांचा इतिहास एकदा नीट बघू.

अकराव्या ते तेराव्या शतकात पगान ही राजधानी. तिथल्या कांशाच्या मूर्तींवर बिहार-बंगालच्या पालकालीन घडणीचा ठसा स्वच्छ दिसतो. किंचित पुढं कललेलं डोकं, आखूड मान, रुंद खांदे, टोकदार नाक. बुद्धगयेला ये-जा चालू होती. क्यानझिट्टा राजानं महाबोधी विहाराच्या दुरुस्तीला मदत धाडली, तसा शिलालेखच हाय. म्हणजे इकडं धम्म विझत चालला होता, आणि इकडचाच नमुना तिकडं ओतला जात होता.

पुढं मुलखागणिक चेहरा बदलला. शानच्या डोंगराळ भागात तो तिकोनी झाला. रुंद कपाळ, निमुळती हनुवटी, डोक्यावर उंच कळी, खाली मधोमध आवळलेली उंच बैठक. आराकानात चेहरा चौकोनी, अंग दणकट. १८५७ साली मंडाले वसलं. तिथल्या घडणीत चेहरा गोल, कपाळावर पट्टी, चीवराला दाट चुण्या. मागावर उभा राहणारा माणूस त्या चुण्यांपाशी थांबतोच.

हे केलं ओताऱ्यांनी. मातीचा गाभा, त्यावर मेणाची मूर्ती, वर पुन्हा माती. भट्टीत मेण वितळून वाहून जातं, त्या पोकळीत तापलेलं कांसं ओतायचं. साचा फोडला की एका साच्यातून एकच मूर्ती. राजांची नावं मात्र पुस्तकात. बोदोपया राजाच्या फौजेनं १७८४ साली आराकान जिंकलं. महामुनीची प्रचंड मूर्ती उचलून नेली, हजारो माणसंही धरून नेली. ती मूर्ती आज मंडालेत. बैठकीवर कधी दात्याचं नाव कोरलेलं सापडतं. ओताऱ्याचं सापडणं मुश्कील.

चेहरे इतके बदलले, तरी बहुतेक मूर्तींचा उजवा हात एकाच जागी. गुडघ्यावरून खाली, जमिनीला टेकलेला. भूमीला साक्षीला बोलावणारा.

तेव्हा गड्यांनो, मूर्तीपुढं नुसते हात जोडून परतू नका. कपाळ बघा, चुण्या बघा, बैठक बघा. मुलूख ओळखा. आणि भट्टीपुढं कोण भाजत होता, तेही विचारा.