संगणकातील ड्राइव्हच्या अक्षरांचा इतिहास : नाव आणि स्थान यांतील अंतर

प्रस्तावना

संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसविल्यानंतर पूर्वी 'डी' ड्राइव्हमध्ये असलेली माहिती 'ई' ड्राइव्हमध्ये दिसू लागते, हा अनुभव महाविद्यालयीन अध्यापकांना अपरिचित नाही. शॉर्टकट उघडत नाहीत, एक्सेलमधील एका तक्त्याचे दुसऱ्याशी जोडलेले दुवे तुटतात आणि अनेक वर्षांची संशोधनसामग्री नष्ट झाली, असा समज होतो. वस्तुतः सामग्री जागेवरच असते. बदललेले असते ते तिच्याकडे निर्देश करणारे अक्षर. हे अक्षर कोठून आले, ते का बदलते आणि पूर्ववत कसे करावे, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

नाव आणि स्थान : रत्नागिरीचे उदाहरण

इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८० साली प्रसिद्ध झालेला दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडी यांविषयी आहे. त्यात मालवण रत्नागिरी जिल्ह्यात येते, तर सावंतवाडी हे वेगळे संस्थान आहे. १९४८ साली संस्थान विलीन होऊन सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यात आली. पुढे १ मे १९८१ रोजी जिल्ह्याचे विभाजन झाले आणि ही दोन्ही ठिकाणे नव्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेली. गावे तसूभरही हलली नाहीत. पत्ते मात्र बदलले. जुन्या दप्तरात मालवणचा शोध घेणाऱ्यास आजही 'रत्नागिरी' याच नावाखाली पाहावे लागते. संगणकाच्या शॉर्टकटमध्ये नोंदलेला 'डी' हाही असाच विभाजनापूर्वीचा पत्ता होय.

अक्षरांचा उगम

साठवणुकीच्या साधनास अक्षराने संबोधण्याची पद्धत आयबीएमच्या १९६० च्या दशकातील सीपी/सीएमएस या प्रणालीत आढळते. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ साली तयार केलेल्या सीपी/एम या प्रणालीमुळे ती लहान संगणकांत रुजली. टिम पॅटरसन यांनी १९८० साली लिहिलेल्या ८६-डॉसने तिचे अनुकरण केले. मायक्रोसॉफ्टने ८६-डॉस विकत घेतली आणि १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर ती पीसी-डॉस या नावाने आली. त्या संगणकात फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह बसविता येत; त्यांना 'ए' आणि 'बी' ही अक्षरे मिळाली. १९८३ साली आलेल्या पीसी-एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. तिच्या वाट्यास 'सी' हे अक्षर आले. पुढे फ्लॉपी कालबाह्य झाली, तरी तिची राखीव अक्षरे रिकामीच राहिली आणि हार्ड डिस्क 'सी'पासूनच सुरू होत राहिली.

स्मृतिहीन वाटप ते स्मृतियुक्त वाटप

डॉसमध्ये अक्षरांची कोठेही नोंद ठेवली जात नसे. संगणक सुरू होताना प्रत्येक वेळी वाटप नव्याने होई. प्रथम प्रत्येक हार्ड डिस्कवरील एका प्राथमिक विभागास अक्षर मिळे आणि त्यानंतर विस्तारित विभागातील उपविभागांचा क्रम लागे. त्यामुळे एका डिस्कवर 'सी' आणि 'डी' असे दोन विभाग असताना प्राथमिक विभाग असलेली दुसरी डिस्क जोडली, की नवी डिस्क 'डी' होई आणि जुना 'डी' हा 'ई' होई. विंडोज ९५ व ९८ यांनी हाच वारसा चालविला.

विंडोज एनटीच्या परंपरेत मात्र अक्षरांची नोंद रजिस्ट्रीत राहू लागली. विंडोज २००० पासून ही नोंद 'माउंटेड डिव्हायसेस' या कळीखाली असते. जुन्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कच्या बाबतीत तेथे डिस्कची चार बाइटची खूण आणि विभागाचा आरंभबिंदू नोंदलेला असतो. म्हणजे अक्षर डिस्कवर लिहिलेले नसून विंडोजच्या वहीत लिहिलेले असते. नव्याने विंडोज बसविली की ती वही कोरी होते आणि प्रणाली उपलब्ध क्रमानुसार नव्याने अक्षरे वाटते. स्थापनेच्या वेळी पेन ड्राइव्ह किंवा कार्ड रीडर जोडलेले असल्यास तेही आपापले अक्षर अडवून बसतात.

युनिक्सच्या परंपरेत अक्षरेच नाहीत. तेथे सर्व डिस्क एकाच वृक्षाच्या शाखा म्हणून जोडल्या जातात. लिनक्समध्ये विभागास त्याच्या स्वतःच्या ओळखक्रमांकावरून जोडण्याची पद्धत रूढ झाली, ती याच अडचणीवरील उपाय म्हणून.

पूर्वस्थिती आणण्याची पद्धत

विंडोजमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. संबंधित विभागावर उजवी कळ दाबून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' हा पर्याय निवडावा आणि पूर्वीचे अक्षर द्यावे. ते अक्षर सीडी ड्राइव्हकडे गेले असल्यास प्रथम सीडी ड्राइव्हला 'झेड'सारखे शेवटचे अक्षर देऊन इच्छित अक्षर मोकळे करावे. दोन विभागांच्या अक्षरांची अदलाबदल करावयाची असल्यास एकास तात्पुरते तिसरे अक्षर द्यावे. हे सर्व अन्य सॉफ्टवेअर बसविण्यापूर्वी करणे इष्ट होय, कारण सॉफ्टवेअर स्थापनेच्या वेळीच आपला मार्ग अक्षरासह नोंदवून ठेवते. ज्या विभागावर विंडोज स्वतः आहे, त्याचे अक्षर येथून बदलता येत नाही. रजिस्ट्रीतून ते बळेच बदलल्यास संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो.

खरी हानी अक्षर बदलल्याने होत नाही, ती अक्षरावर विसंबल्याने होते. स्थापनेच्या वेळी दिसणारी अक्षरे वापरकर्त्याच्या परिचयाच्या अक्षरांशी जुळतीलच असे नाही. केवळ 'सी' पाहून विभाग फॉरमॅट केल्यास प्रबंधाची टिपणे, परीक्षेची गुणपत्रके किंवा जुन्या कागदपत्रांच्या प्रतिमा क्षणात पुसल्या जातात. म्हणून पुनर्स्थापनेपूर्वी प्रत्येक विभागास 'संशोधन', 'कार्यालय' असे नाव द्यावे, त्याचा आकार लिहून ठेवावा आणि महत्त्वाच्या सामग्रीची प्रत स्वतंत्र डिस्कवर घ्यावी. विभाग निवडताना नाव आणि आकार यांवरून निवड करावी.

निष्कर्ष

ड्राइव्हचे अक्षर हा सामग्रीचा गुणधर्म नसून एका विशिष्ट प्रणालीने केलेली नोंद आहे. प्रणाली बदलली की नोंद बदलते. दप्तरखान्यात जुन्या-नव्या पत्त्यांचा मेळ घालणारी सूची जशी आवश्यक असते, तशीच सूची महाविद्यालयाच्या प्रत्येक संगणकाबाबत कागदावर ठेवली जावी. विभागाचे नाव, आकार, अक्षर आणि त्यातील सामग्री एवढ्या चार रकान्यांचा तक्ता त्यासाठी पुरेसा आहे.