कुरुंद्याचं पाणी समुद्राला कुठून जातं?

प्रपोजल लिहायला बसलं की आपण आधी जिल्हा ठरवतो. ‘हिंगोली जिल्ह्यातील नद्यांचा इतिहास’ वगैरे. मीही तेच केलं होतं. मग एकदा नकाशावर वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यावर बोट ठेवलं आणि पाणी जाईल तिकडे ते सरकवत गेलो. तुम्हीही करून बघा, पाचेक मिनिटांचं काम आहे.

कुरुंद्याचं पाणी आसना नदीत. जुलै 2022 मध्ये गावात पुराचं पाणी शिरलं, तीच आसना. ती नांदेडजवळ गोदावरीला मिळते. आता त्याच जिल्ह्यातल्या हिंगोली शहरावर बोट ठेवा. तिथली कयाधू दक्षिणेकडे येतच नाही; ती पैनगंगेत जाते, पैनगंगा वर्धेत, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ, कालेश्वरमला, गोदावरीत. म्हणजे एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन वाटांनी निघतो आणि पार तेलंगणाच्या सीमेवर पुन्हा एकत्र येतो.

यात इतिहास कुठे आला? इथेच आला. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पैनगंगा सरहद्दीची नदी झाली: अलीकडे निजाम, पलीकडे इंग्रज. आसना मात्र शेवटपर्यंत निजामाच्या मुलखातच वाहिली. खाली त्रिभुज प्रदेशात मद्रास सरकारचा अंमल होता. तिथे धवळेश्वरमला आर्थर कॉटनने 1847 ते 1852 या काळात बंधारा बांधला. पुढे कॉटनच्याच आग्रहाने गोदावरीवरून बोटी वर न्यायची योजना आली, वर्धेच्या खोऱ्यातला कापूस थेट बंगालच्या उपसागरावर उतरवायचा म्हणून. नदीतल्या खडकाळ अडथळ्यांवर बराच पैसा गेला. दरम्यान 1867 ला रेल्वे नागपूरला पोचली, आणि 1871 मध्ये नदीचं काम सोडून दिलं. (फसलेल्या योजनांची कागदपत्रं फार कामाची असतात, का फसली हे प्रत्येकाला लिहून द्यावं लागतं ना!)

त्यामुळे या कागदांतली गोदावरी समुद्राकडून सुरू होते, वर चढते आणि प्राणहितेकडे वळते. कापूस तिकडे होता. कालेश्वरमच्या वरची, नांदेडकडची गोदावरी त्यांना फारशी लागत नव्हती, मग आसना कुठून दिसणार? कुरुंदा त्या कागदांत सापडलं नाही म्हणजे ‘तिथे काही घडलं नाही’ असं लिहून मोकळे होऊ नका. मी जवळजवळ झालो होतो.

त्या बाजूचं शोधायचं तर हैदराबाद संस्थानाचे कागद. 1884 पर्यंत कारभाराची भाषा फारसी, नंतर उर्दू, गावपातळीवर मोडी. तिथे ‘हिंगोली’ शोधाल तर इंग्रजांची छावणी मिळेल, कुरुंदा नाही, कारण हिंगोली जिल्हा झाला 1 मे 1999 ला. त्याआधी हे सगळं परभणीत. गोदावरी पाणीतंटा लवादानं खोऱ्याचे बारा उपविभाग पाडले, त्यात पैनगंगा वेगळी धरली. तिथेही हा एक जिल्हा फुटतोच.

माझ्या प्रपोजलच्या शीर्षकातून जिल्हा गेला. आता तिथे ‘आसना ते कालेश्वरम’ आहे, आणि मोडीचा क्लास लावलाय.