चेतकचा गिअर : मुठीतून पायाशी आणि पायाकडून शून्यावर (थ्रेड)

महाळुंगे म्हटले की पुणेकरांना बालेवाडीशेजारचे गाव आठवते. हा थ्रेड त्या गावाचा नाही. चाकणहून तळेगावकडे जाताना, खेड तालुक्यात, दुसरे महाळुंगे लागते. १९९९ मध्ये तेथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. स्वयंचलित गिअर सोडून हाताच्या गिअरकडे वळणे, आणि पुन्हा माघारी फिरणे, हा प्रवास एखाद्या मोटारीने नव्हे तर एका संपूर्ण कंपनीने केला, आणि त्याचे दोन मोठे टप्पे याच गावात पार पडले.

प्रारंभ मात्र आकुर्डीचा आहे. इटलीच्या पियाजिओबरोबरचा करार १९७१ मध्ये संपला आणि पुढच्याच वर्षी बजाजने स्वतःच्या नावाची स्कूटर आणली. राणा प्रतापांच्या घोड्यावरून तिचे नाव चेतक. तिचे चार गिअर डाव्या मुठीत होते. क्लच दाबून धरायचा आणि तो दाबलेला असतानाच क्लचसकट सारी मूठ मनगटाने फिरवायची. मुठीतून निघालेल्या तारा मागच्या चाकाला खेटून असलेल्या गिअरपेटीपर्यंत जात. तार सैल झाली की न्यूट्रल सापडत नसे, आणि चौकात सिग्नल सुटल्यावर मागच्या वाहनांचे हॉर्न वाजू लागत. गाडी सुरू होत नसेल तर ती एका अंगावर कलती करून पुन्हा किक मारण्याचा विधी घरोघरी ठाऊक होता. तरीही या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. परवाना राज्यात उत्पादनावरच मर्यादा होती. ग्राहकाला गिअर कोणता हवा, असे विचारण्याची वेळ कोणावर आली नव्हती.

त्याच १९७२ मध्ये पुण्याच्याच फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना बाजारात आणली. तिचा मूळ आराखडाही पियाजिओचाच, चाओ नावाच्या मोपेडचा. लुनाला गिअर नव्हता आणि हाताने दाबायचा क्लचही नव्हता. इंजिनाचा वेग वाढला की क्लचच्या आतील पट्ट्या बाहेर फेकल्या जात आणि आपोआप पकड घेत. एकाच वर्षी, एकाच इटालियन घराण्यातून, एकाच शहराशी नाते सांगणाऱ्या दोन गाड्या निघाल्या. एक मनगटाच्या भरवशावर, दुसरी त्यावाचून. त्या काळच्या शहाण्यांनी लुनाची थट्टा केली. पण प्राध्यापक, पोस्टमन, दूधवाले आणि नोकरीला निघालेल्या स्त्रिया तिच्यावर बसून निघूनही गेल्या.

१९८४ मध्ये फिरोदियांनी होंडाशी भागीदारी केली. तिच्यातून आलेली कायनेटिक होंडा पिथमपूरला तयार होई, पण तिने मन जिंकले ते पुण्याचे. बटण दाबले की गाडी सुरू. तिच्या पोटात दातेरी चाकांच्या जोड्यांऐवजी दोन पुल्या आणि त्यांवरून फिरणारा रबरी पट्टा होता. वेग वाढताच पुढच्या पुलीतील वजने बाहेर सरकत, पुलीच्या दोन्ही बाजू एकमेकींजवळ येत, पट्टा वर चढे आणि गिअरचे प्रमाण झटक्यावाचून बदलत जाई. पट्ट्याच्या घर्षणात थोडी शक्ती वाया जाई, म्हणून पेट्रोल अधिक लागे. तिच्याविरुद्धचा हा आक्षेप खराच होता. मात्र साडी नेसून, पायाशी भाजीची पिशवी ठेवून लक्ष्मी रोडच्या गर्दीत पंधरा वेळा थांबणाऱ्या बाईच्या हिशेबात त्याचे वजन फार नव्हते.

इकडे नव्वदच्या दशकात बाजार पालटला. चार-स्ट्रोक मोटारसायकली कमी पेट्रोलमध्ये दूर जात. धुराचे नियम कडक होत गेले तसे दोन-स्ट्रोक स्कूटरींचे दिवस भरले. दशक संपताना मोटारसायकलींनी खपात स्कूटरींना मागे टाकले होते. महाळुंग्याचा कारखाना नेमका त्या वळणावर उभा राहिला. नोव्हेंबर २००१ मध्ये पल्सर आली : १५० आणि १८० सीसी, पाच गिअर, सारे डाव्या पायाच्या टोकाशी. मुठीतला गिअर पायाशी उतरला, आणि त्याच्याबरोबर जाहिरातींतले कुटुंब जाऊन तेथे एकटा तरुण आला. २००५ च्या सुमारास चेतक थांबली. २००७ मध्ये आकुर्डीतील उत्पादनही बंद झाले.

बजाजने गिअरलेस स्कूटरींचे प्रयत्न केले नव्हते असे नाही. सनी, सफायर आणि शेवटची क्रिस्टल हे ते प्रयत्न. परंतु डिसेंबर २००९ मध्ये राजीव बजाज यांनी स्कूटर हा प्रकारच सोडण्याचा निर्णय जाहीर केला. यापुढे केवळ मोटारसायकल. वडील राहुल बजाज यांनी आपले दुःख लपवले नाही.

ऑटोमॅटिक मोटारीत हाताचा गिअरबॉक्स बसवणाऱ्या मेकॅनिकला ठाऊक असते, की पेटी बदलणे हा त्या कामाचा लहानसा भाग. टॉर्क कन्व्हर्टर काढून तेथे फ्लायव्हील व क्लच बसवावा लागतो, पायाशी तिसरे पेडल आणावे लागते, यापुढे गिअर चालक टाकणार हे गाडीतील संगणकालाही शिकवावे लागते. एवढे झाल्यावर गाडी तीच राहते, पण ती कोणी चालवायची ते बदलते. त्या डिसेंबरच्या निर्णयात हेच झाले. त्याला मूर्खपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल; पल्सर देशोदेशी गेली, आणि २०१२ पासून केटीएमची सहा गिअरांची ड्यूक २०० चाकणमध्येच तयार होऊ लागली. पण लुनाने आणि कायनेटिक होंडाने रस्त्यावर आणलेला माणूस, आणि त्याहून अधिक बाई, या हिशेबातून गळली. होंडाच्या ॲक्टिव्हाने ती जागा घेतली. २०१६ मध्ये तर महिनोन्‌महिने ॲक्टिव्हाचा खप हिरोच्या स्प्लेंडरहूनही अधिक राहिला. देशात सर्वाधिक विकले जाणारे दुचाकी वाहन गिअरलेस होते, आणि ते बनवणारी कंपनी पुण्याची नव्हती.

१६ ऑक्टोबर २०१९ रोजी दिल्लीत चेतक हे नाव पुन्हा उच्चारले गेले. ही चेतक विजेची होती आणि ती घडली महाळुंग्याच्या कारखान्यात, जेथून पल्सर निघाली होती. विजेच्या मोटरला थांबलेल्या स्थितीतही पूर्ण जोर लावता येतो, त्यामुळे तिला क्लच लागत नाही आणि गिअर बदलावा लागत नाही. पन्नास वर्षे मनगट व घोटा यांच्यात चाललेला वाद यंत्रानेच निकालात काढला. जुन्या चेतकला मागे न्यायचे तर उतरून ढकलावे लागे; नवीला मागे जाण्याची सोय आहे.

राहुल बजाज यांचे १२ फेब्रुवारी २०२२ रोजी निधन झाले. त्याच वर्षी १० जूनला, त्यांच्या जन्मदिनी, आकुर्डीच्या जुन्या जागेत विजेच्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला.

मुठीतला गिअर मात्र नाहीसा झालेला नाही. पेट्रोलवर वा सीएनजीवर धावणाऱ्या बजाजच्या रिक्षात आजही डावी मूठ फिरवूनच गिअर टाकतात. तिच्या नावातल्या ‘ऑटो’चा ऑटोमॅटिकशी काही संबंध नाही.