गुणांची वही आणि माणसाचा हक्क

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी केज तालुक्यातल्या युसूफ वडगावला जाण्याचा योग आला. तिथल्या शिक्षकमंडळींनी गावकऱ्यांपुढे चार शब्द बोलायला बोलावले होते. मी इतिहासाचा मास्तर. विषय निवडला, थोर माणसांनी स्वतःला कसे घडवले. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनची आणि त्याच्या गुणांच्या वहीची गोष्ट सांगितली. मुलांनी मन लावून ऐकली. भाषण संपले, चहा झाला, तेवढ्यात पटका बांधलेले एक वयस्क गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, "सर, गोष्ट चांगली हाय. पण आमचा पोरगा आन् सून परवाच कोयत्यावर गेले. उचल घेतलीय. ती फिटेपर्यंत माणूस मुकादमाचा. त्यानं काटकसर करायची ती कशाची, आन् वेळ पाळायची ती कुणाची?"

मला तिथल्या तिथे धड उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर पुस्तके काढली, पुन्हा वाचली. तेव्हा ध्यानात आले की मी गोष्ट अर्धीच सांगितली होती. तिचा दुसरा अर्धा भाग तर आपल्याच पुण्यात आणि अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, घडलेला आहे. आज ती पुरी सांगतो.

प्रथम ती वही. फ्रँकलिनचा जन्म 1706 साली बोस्टनला झाला. बाप मेणबत्त्या आणि साबण करणारा, घरात मुलांचे लेंढार, शाळा जेमतेम दोन वर्षे. पुढे तो छापखानदार झाला, शास्त्रज्ञ झाला, देशाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा मुत्सद्दी झाला. पंचविशीच्या आसपास त्याने मनाशी ठरवले की आपण निर्दोष व्हायचे. त्यासाठी तेरा गुणांची यादी केली: खाण्यापिण्यात संयम, मोजके बोलणे, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग, सचोटी, न्याय, समतोलपणा, स्वच्छता, शांत चित्त, इंद्रियनिग्रह आणि नम्रता. एका छोट्या वहीत प्रत्येक गुणाला एक पान दिले, पानावर आठवड्याच्या सात वारांचे रकाने आखले. रोज रात्री दिवसाची झडती घ्यायची आणि जिथे चूक झाली असेल तिथे काळा ठिपका द्यायचा. एका आठवड्याला एका गुणावर विशेष लक्ष. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात अशा चार फेऱ्या. हिशेब बरोबर बावन्न आठवड्यांचा!

तो स्वतः कबूल करतो की व्यवस्थितपणा त्याला कधी साधला नाही. नम्रता हा तेरावा गुण तर मूळ यादीत नव्हताच. तुझ्यात गर्व फार आहे असे एका स्नेह्याने सांगितले, तेव्हा तो घातला. ही हकीकत त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहिली आहे. ते लिहायला त्याने 1771 साली सुरुवात केली.

आता कुणी म्हणेल, यात नवल ते काय? आपल्याकडे हे होतेच. खरे आहे. समर्थ रामदासांचा जन्म आपल्याच मराठवाड्यातल्या जांबचा. त्यांच्या दासबोधात मूर्खलक्षणे आहेत, उत्तमलक्षणे आहेत. पारावर बसून ती ऐकायची आणि यातले आपल्यात किती, हे मनाशी मोजायचे, ही रीत आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ठाऊक आहे. आत्मपरीक्षण ही काही परदेशातून आलेली वस्तू नाही.

मग अठराव्या शतकातल्या त्या विचारात नवे काय होते? नवे हे होते की माणसाची योग्यता त्याच्या कुळावरून ठरत नाही. तो बुद्धीने आणि प्रयत्नाने स्वतःला बदलू शकतो आणि हे सामर्थ्य सर्वांना आहे. त्या काळाला विवेकाचे युग म्हणतात ते यामुळे. फ्रँकलिनने हे एकट्याने केले नाही. 1727 साली त्याने कारागीर आणि धंदेवाईक मित्रांचे एक मंडळ काढले. दर आठवड्याला जमायचे, वाचायचे, वाद घालायचे. त्यातूनच 1731 साली फिलाडेल्फियात वर्गणीचे ग्रंथालय उभे राहिले. ज्याला एकट्याने पुस्तक घेणे परवडत नाही, त्याने चौघांत मिळून घ्यावे, इतका साधा विचार.

इथवरची गोष्ट मी युसूफ वडगावला सांगितली होती. आता राहिलेली ऐका.

वही येण्याच्या आधी काय घडले होते? फ्रँकलिन बारा वर्षांचा असताना बापाने त्याला थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून करारावर बांधून दिले होते. करार एकविसाव्या वर्षापर्यंतचा. भाऊ मारझोडही करी. सतराव्या वर्षी, 1723 साली, हा पोरगा करार मोडून पळाला आणि फिलाडेल्फियाला पोचला. म्हणजे पहा, आधी बंधन सुटले, मग वही आली. ज्याचा दिवसच दुसऱ्याच्या मालकीचा, त्याने रात्री कोणत्या दिवसाचा हिशेब मांडावा? पटका बांधलेल्या त्या गृहस्थांनी बोट ठेवले होते ते नेमके इथे.

आणखी एक गोष्ट आहे, ती अवघड आहे, पण झाकून चालायचे नाही. यादीतला आठवा गुण न्याय. त्याचा अर्थ फ्रँकलिनने असा दिला होता की कुणाला इजा करू नये आणि जे भले करणे आपले कर्तव्य आहे ते टाळू नये. पण याच फ्रँकलिनच्या घरी कित्येक वर्षे गुलाम होते. त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. रोज रात्री वही उघडणाऱ्या माणसाला या रकान्यात ठिपका द्यावासा वाटला नाही. सारी माणसे समान जन्मली असे 1776 च्या जाहीरनाम्यात लिहिणारे जेफर्सन, त्यांच्या पदरीही शेकडो गुलाम होते. स्वतःला सुधारण्याच्या भरात माणूस आपल्या ओसरीवर उभ्या असलेल्या माणसाला विसरू शकतो, तो असा.

फ्रँकलिनच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की त्याने आपले मत बदलले. 1787 साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, तो पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. फेब्रुवारी 1790 मध्ये गुलामगिरी नष्ट करावी असा अर्ज त्या संस्थेने अमेरिकेच्या काँग्रेसकडे पाठवला, त्यावर त्याची सही होती. दोनच महिन्यांनी तो वारला. न्यायाचे पान त्याने उघडले, पण आयुष्याच्या संध्याकाळी.

आता आपण पुण्याच्या वाटेला लागू. वाट थोडी वळणाची आहे. 1774 साली इंग्लंडातून थॉमस पेन नावाचा एक सदतीस वर्षांचा, नोकरी गेलेला माणूस फिलाडेल्फियाला उतरला. बाप स्त्रियांच्या चोळ्या शिवणारा कारागीर. पेनच्या खिशात शिफारसपत्र होते, ते फ्रँकलिनचे. जानेवारी 1776 मध्ये याच पेनने 'कॉमन सेन्स' नावाची छोटी पुस्तिका काढली आणि साध्या माणसाला कळेल अशा भाषेत विचारले की केवळ जन्माने एखादा माणूस राजा का व्हावा? पुढे 1791 आणि 1792 साली त्याचा 'राइट्स ऑफ मॅन', म्हणजे 'मानवाचे हक्क', हा ग्रंथ दोन भागांत निघाला. त्याचा सारांश असा की हक्क हे कुणी राजाने दिलेले दान नाही, ते माणूस जन्मतःच घेऊन येतो. फ्रँकलिन विचारीत होता, मी चांगला कसा होऊ? पेनने विचारले, सर्वांना चांगले होता यावे अशी व्यवस्था आहे काय?

हा ग्रंथ 1847 साली पुण्यात एका वीस वर्षांच्या तरुणाच्या हाती पडला. त्याचे नाव जोतीराव गोविंदराव फुले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या माळ्याच्या मुलाने मित्रांबरोबर पेन वाचला. पेनच्या मनात राजे आणि सरदार होते. जोतीरावांना त्या जागी आपली जातव्यवस्था दिसली. एकाने जन्माने श्रेष्ठ ठरावे, दुसऱ्याने जन्माने हीन, आणि स्त्रीने तर शिकूच नये, हे कोणत्या न्यायाने?

पुढच्याच वर्षी, 1848 साली, ते अहमदनगरला गेले. तिथे अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार मुलींच्या शाळा चालवीत होत्या. या बाई 1827 साली अमेरिकेहून मुंबईस आलेल्या. त्यांच्या शाळा पाहून जोतीराव परतले आणि त्याच साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. नगर म्हणजे आपल्या बीडचा शेजार. जगाच्या दुसऱ्या टोकाचा विचार आपल्या शिवेपर्यंत असा येऊन पोचला होता.

अमेरिकेत 1865 साली, मोठ्या यादवी युद्धानंतर, गुलामगिरी कायद्याने संपली. आठ वर्षांनी, 1873 साली, जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. नीग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जो निःस्वार्थ त्याग केला, त्याबद्दल ही अर्पणपत्रिका आहे. आपल्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांना दास्यातून सोडवताना तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छा तिच्यात आहे. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली.

आणि आता मला ज्या ठिकाणी यायचे होते तिथे येतो. 1888 साली जोतीरावांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहायला घेतले. त्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले. 28 नोव्हेंबर 1890 ला ते वारले आणि पुस्तक 1891 साली छापून निघाले. त्यात सत्याने वागणारा कुणाला म्हणावे, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले आहे, आणि ते आहे तेहतीस कलमांचे. म्हणजे हीसुद्धा एक गुणांची वहीच!

पण दोन वह्या शेजारी ठेवून पहा. फ्रँकलिनच्या यादीत काटकसर आहे, उद्योग आहे, स्वच्छता आहे. बहुतेक गुण असे की माणूस एकटा खोलीत बसूनही ते पाळू शकेल. जोतीरावांच्या कलमांचा पायाच वेगळा. निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांना जन्मतः स्वतंत्र आणि हक्क भोगण्यास सारखेच पात्र केले आहे, हे जो मानतो तो सत्यवर्तनी. दुसऱ्याला आपले मत बोलण्याची आणि लिहिण्याची मोकळीक जो देतो तो सत्यवर्तनी. कष्ट करून पोट भरणाऱ्या शेतकऱ्याचा, कारागिराचा जो मान राखतो तो सत्यवर्तनी. आणि प्रत्येक वेळी स्त्री अथवा पुरुष असा स्पष्ट उल्लेख. फ्रँकलिनच्या यादीत न्याय आठवा होता. जोतीरावांनी तो पहिल्या ओळीत आणून बसवला.

ही वाट पुढेही गेली. 1913 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. 1946 साली शूद्र पूर्वी कोण होते यावरचा ग्रंथ त्यांनी लिहिला, तो अर्पण केला जोतीरावांना. आणि 1950 साली, जो मराठवाडा दोनच वर्षांपूर्वी निजामाच्या राज्यातून सुटला होता, त्याच्या औरंगाबाद शहरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांनी कॉलेज उघडले. त्याला आपण मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखतो.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर. बाबा, तुमचे म्हणणे बरोबर होते. ज्याच्या मानेवर उचलीचे जोखड आहे त्याला काटकसरीचे धडे देणे हे बांधलेल्या बैलाला पळण्याचे धडे देण्यासारखे आहे. आधी दोर सैल करायला हवा. आणि तो सैल करणे हे एकट्या बैलाचे काम नाही, गोठ्याच्या धन्याचे आहे, गावाचे आहे, सरकारचे आहे.

म्हणून वही टाकून द्यायची काय? मुळीच नाही. दोर सुटल्यावर चालायचे ते स्वतःच्याच पायांनी. जोतीरावांनी शाळा काढली, रात्रशाळा काढली, त्यात बसून अक्षर गिरवायचे कष्ट शिकणाऱ्यालाच करावे लागले. दोन्ही हवे. फक्त क्रम चुकवू नये आणि दुसऱ्याची वही आपण लिहू नये.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे विशेषतः तुमच्यासाठी. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांच्या नावापुढे हजेरीपटात गैरहजेरीची खूण पडू लागते. ती आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेलेली असतात. हंगामी वसतिगृहांची योजना याचसाठी निघाली, की मुलांना मागे राहून शिकता यावे. उन्हाळ्याच्या तोंडाला मूल परत येते, मागे पडलेले असते, आणि आपण सहज बोलून जातो, याला शिस्त नाही, याला गोडी नाही. तो काळा ठिपका आपण कुणाच्या वहीत देतो आहोत? मीही असे बोललो आहे, म्हणून सांगतो.

वही प्रत्येकाने ठेवावी. लहानशी, दोन आण्यांची म्हणायची जुनी सवय, पण आता दहा रुपयांची. त्यात तेरा रकाने आखा, नाहीतर पाचच आखा. पण पहिल्या रकान्यावर न्याय लिहा आणि रात्री स्वतःला विचारा: आज माझ्यामुळे कुणाची वाट अडली का? कुणाची मोकळी झाली का? बाकीचे गुण त्याच्या मागून रांगेने येतील.

युसूफ वडगावच्या त्या बाबांना माझा नमस्कार. त्यांचा मुलगा आणि सून फडावरून सुखरूप परत आले असतील आणि नातवंडे शाळेत बसली असतील, अशी आशा करतो आणि आपली रजा घेतो.