बसल्या जागेवरून रान

मार्गशीर्ष उजाडला, गुऱ्हाळे धडाडू लागली आणि रंकाळ्यावर सकाळचे धुके उतरू लागले, की करवीरच्या घराघरांतून सहलीचे बेत सुरू होतात. कोणी पन्हाळा म्हणतो, कोणी दाजीपूर; आणि ज्यांच्याजवळ सुटी व पैसा दोन्ही आहेत ते थेट जैसलमेरच्या वाळवंटाचे नाव घेतात. बेत रंगात येतो आणि मग घरातील एखादे माणूस हळूच म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी घर राखतो." या माणसाचे गुडघे गेलेले असतात, किंवा अर्धांगवायूने एक बाजू लुळी पडलेली असते, किंवा चाकांची खुर्ची हेच त्याचे पाय असतात. मंडळी थोडा आग्रह करतात. त्या आग्रहात सुटकेचाही किंचित भाव असतो. आणि बेत पुढे सरकतो. रान पाहणे हे चालणाऱ्याचे काम, ही समजूत दोन्ही पक्षांना इतकी मान्य असते की ती आली कोठून हे कोणी विचारीत नाही. कोल्हापूरचा इतिहास मात्र या समजुतीला मुळीच अनुकूल नाही.

१६६० सालच्या आषाढात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निसटले ते पालखीतून. दुसऱ्या पालखीत शिवा काशीद बसला होता, असे परंपरा सांगते. महाराज त्या वेळी ऐन तिशीतले. घोड्यावर त्यांची मांड पक्की. तरी त्या चिखलाच्या रात्री मसाईच्या पठारावरून विशाळगडाकडे जाताना त्यांना खांद्यावरून नेण्यात आले, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. उलट पुढे पेशवाईत पालखीची नेमणूक मिळणे हा मोठा बहुमान समजला जाई. ज्याला चालावे लागते तो सामान्य, आणि ज्याला वाहून नेतात तो थोर, असा तो हिशेब होता. त्या थोरपणाचा भार भोयांच्या खांद्यावर पडे, हेही विसरून चालणार नाही. खऱ्याखुऱ्या पांगळ्याच्या वाट्याला पालखी क्वचितच आली. त्याची जागा देवळाच्या पायरीशी. आणि गंमत अशी की ज्याच्या रथातून रोज सूर्य आकाशभर फिरतो तो सारथी अरुण, तोच आपल्या पुराणांत पांगळा!

रानाच्या बाबतीत तर बसणे हीच एके काळी रीत होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चित्त्यांकडून काळविटांची शिकार करविण्याचा शौक ज्या थोड्या संस्थानांत टिकून होता, त्यांत भावनगर आणि कोल्हापूर ही दोन प्रमुख होती. हिंदुस्थानातील चित्ता तोवर इतका दुर्मिळ झाला होता की या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणविले. डोळ्यांवर टोपी चढविलेला चित्ता गाडीवर बसवीत आणि ती गाडी माळावरून सावकाश हाकीत कळपाच्या जवळ नेत. येथे बैलगाडीचे महत्त्व आहे. काळवीट पायी येणाऱ्या माणसाला पाहून दूरवरून उधळतो. परंतु शेतातून रोज जाणाऱ्या-येणाऱ्या बैलगाडीची त्याला ओळख असते, म्हणून तो मान वर करून पाहतो आणि पुन्हा चरू लागतो. मग चित्त्याची टोपी काढीत. पुढील खेळ काही क्षणांचा असे. तो खेळ क्रूर होता आणि तो संपला हे चांगले झाले. १९५२ साली भारतातून चित्ता नष्ट झाल्याचे जाहीर झाले. पुढे २०२२ साली आफ्रिकेतून चित्ते आणून ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. पण त्या क्रूर खेळाने एक गोष्ट सिद्ध करून ठेवली होती. माळावर चालणाऱ्यापेक्षा गाडीत बसलेल्याला जनावर अधिक जवळून दिसते.

सह्याद्रीच्या दाट रानात गाडी चालत नसे. तेथे मचाण होते. दाजीपूरचे रान शाहू महाराजांच्या काळी संस्थानचे राखीव शिकारी रान होते. मचाणावरील शिकारीची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. हाकेकरी रान उठवीत, शिकारी मचाणावर बसून राहत आणि जनावर त्यांच्या समोर येई. पाय झिजवीत ते हाकेकरी. रान पाहणारे बसलेलेच असत.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५८ साली दाजीपूर हे गव्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाले, १९८५ साली त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्याचे क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटरांवर गेले, आणि २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. रान राजाचे होते ते सर्वांचे झाले. या बदलाचे मोल मोठे आहे. पण शिकार गेली तिच्याबरोबर बसण्याची व्यवस्थाही गेली. गाडी गेली, मचाण गेले, मेणा गेला. उरली ती पायवाट. मग गिर्यारोहणाची हौस शहरांतून पसरली आणि जो दमतो, घामाघूम होतो त्यालाच रान कळते, असे नवे मत रूढ झाले. राजाला जे बसून मिळत होते ते प्रजेतील पांगळ्याला मिळाले नाही, आणि ते मिळत नाही याचे कोणाला आश्चर्यही वाटले नाही.

वाट पुन्हा मोकळी झाली ती निराळ्या दिशेने. खाणीतील अपघातात पाठीचा कणा मोडलेला हर्बर्ट एव्हरेस्ट नावाचा अमेरिकन अभियंता आणि त्याचा यंत्रज्ञ मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत घडी होणारी चाकांची खुर्ची तयार केली. तोवर ही खुर्ची म्हणजे लाकडाचे अवजड धूड असे. आता ती मोटारीच्या मागे ठेवता येऊ लागली. शोध लहान दिसतो, पण घर राखणाऱ्या माणसाला घराबाहेर काढण्याचे काम त्याने जेवढे केले तेवढे फारच थोड्या गोष्टींनी केले असेल. कोल्हापुरात हे काम पुढे नेले ते नसीमा हुरजूक यांनी. तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालील शरीर निकामी झालेल्या या बाईंनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली, आणि त्यांच्या 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनाने मराठी वाचकांना त्या खुर्चीच्या उंचीवरून जग पाहावयास लावले. १९९५ आणि २०१६ साली कायदेही झाले. दुसऱ्या कायद्याने मान्य केलेल्या अपंगत्वाच्या प्रकारांची संख्या २१ आहे. कायद्याने सार्वजनिक जागेचे दार उघडते. दारापर्यंत जाण्याचा बेत मात्र घरीच करावा लागतो.

वाळवंटाचा बेत करणाऱ्यांनीही बैलगाडीचा धडा लक्षात ठेवावा. जैसलमेरजवळचे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान तीन हजार चौरस किलोमीटरांहून मोठे आहे. तेथे चालून काय पाहणार? सारेच गाडीतून पाहतात, म्हणजे तेथे चालणारा आणि न चालणारा एका पातळीवर येतात. वाळूत खुर्चीची अरुंद चाके रुततात हे खरे. पण राजस्थानी उंटगाड्यांना विमानांची जुनी रुंद चाके बसविलेली असतात आणि ती वाळूवरून सहज जातात. तेथील माळढोक पक्षीही पायी माणसाला पाहून लांब सरकतो. जुने शिकारी त्याला गाडीच्या किंवा उंटाच्या आडानेच गाठीत.

तथापि पहिल्या खेपेस जैसलमेर नको, दाजीपूरच बरे. कोल्हापुरापासून ते सुमारे ८० किलोमीटर आहे, राधानगरीवरून फोंडा घाटाकडे जाणारा रस्ता रानाला लागूनच जातो, आणि काही अडले तर संध्याकाळी घरी परतता येते. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते. ते उघडल्यावर थंडीच्या महिन्यांत जांभ्या दगडाचे उघडे सडे पिवळ्या गवताने झाकलेले असतात. ओल नाही, झाड नाही, नजर अडत नाही. सह्याद्रीतील वाळवंटच म्हणावे. सावराईच्या सड्यासारख्या मोकळ्या जागी गवे चरावयास आले तर ते बसून पाहणाऱ्याला पुरेसे दिसतात. राधानगरीचे धरण शाहू महाराजांनी आरंभिले आणि १९५४ साली पुरे झाले. त्याच्या लक्ष्मी तलावाचे दर्शन तर मोटारीतूनही होते.

बेत करताना पहिला प्रश्न सहसा "गवे दिसतील का?" असा विचारला जातो. तो मागाहून विचारावा. आधी विचारावे ते शौचकूपाविषयी: बैठक उंच आहे का, दाराची रुंदी किती. खुर्ची सुमारे ७० सेंटिमीटर रुंद असते आणि तिला ९० सेंटिमीटरांचे दार लागते. "दार मोठे आहे" या तोंडी ग्वाहीवर विसंबून अनेकांचा दिवस नासला आहे. पायरीवर फळी टाकून उतार करावयाचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी. दोन फुटांची फळी टाकून खुर्ची ढकलणे म्हणजे माणूस पाडण्याची तयारी होय. रानात जाणारी जीप उंच असते. तीत कोण उचलून बसविणार, कोणत्या बाजूने, हे घरीच, रिकाम्या मोटारीवर एकदा करून पाहावे. उचलणाऱ्यांनी उचलण्यापूर्वी विचारावे. खांद्याखाली हात घालावा की गुडघ्याखाली, हे ज्याचे शरीर त्यालाच ठाऊक असते.

थंडीचा धोका निराळाच आहे. ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांना पाय गारठल्याचे कळत नाही, आणि शेकोटीजवळ ते भाजल्याचेही कळत नाही. तेव्हा लोकरी मोजे आधीच चढवावेत आणि शेकोटीपासून अंतर दुसऱ्याने पाहावे. खडबडीत वाटेवर जीपच्या कठीण बाकावर तासभर बसल्यास कातडीला जखम होते आणि ती महिनोन्महिने भरत नाही. म्हणून घरची गादी बरोबर घ्यावी आणि दर अर्ध्या तासाने गाडी थांबवून अंग हलवावे. सोबतच्या तरुणांना हे थांबणे कंटाळवाणे वाटते. पण यंत्र बंद झाल्यावर पाच मिनिटांनी रान पुन्हा बोलू लागते, आणि ज्या गव्याने आवाज ऐकून झाडीत पाठ फिरविली होती तोच पुष्कळदा तेवढ्या वेळात बाहेर येतो.

शेवटी निघण्याची वेळ. ती न चालणाऱ्या माणसाने ठरवावी. सकाळची औषधे, स्नान, पोट साफ होणे या गोष्टींना त्याला दोन तास लागत असतील तर पहाटे पाचला निघण्याचा हट्ट व्यर्थ आहे. घरून आठला निघावे, राधानगरीस चहा घ्यावा, दुपार तलावाकाठी काढावी आणि उन्हे कलली की सड्याकडे वळावे. गवेही त्याच सुमारास बाहेर पडतात.